सीताफळी भांडं आणि मुरुमचं झाकण

भूमच्या आठवडी बाजारात, भांड्यांच्या ओळीच्या अगदी शेवटी, एक म्हातारी जुनं सामान घेऊन बसायची. पोत्यावर कान तुटलेले कप, गंजलेले अडकित्ते, किल्ल्या हरवलेली कुलुपं असलं काहीबाही मांडलेलं असायचं. ते भांडं मला तिच्याकडं मिळालं. त्यात तिनं सेफ्टी पिना ठेवल्या होत्या. मला पिना नको होत्या, पण त्या ओतायला तिच्याकडं दुसरं काही नव्हतं. शेवटी तिनं पिनांसकटच भांडं माझ्या हातात दिलं. म्हणाली, "ने बाई. काचंचं काय करायचंय मला."

मधाच्या रंगाची काच होती. बाहेरून सगळ्या अंगावर सीताफळाच्या सालीसारखे उठावाचे डोळे, आतून मात्र बोट घसरेल इतकी गुळगुळीत. काठाच्या आतल्या बाजूला एक बारीक पायरी होती. ती पायरी बघितली की कळतं, याला झाकण होतं.

ही काही भारी काच नव्हे. कारखान्यात लोखंडी साच्यात वितळलेली काच दाबायची आणि अशी भांडी हजारांनी काढायची. नीट बघितलं तर अंगावर साच्याच्या जोडाची उभी रेघ दिसते. कुणाच्या लग्नात ती आहेरात आली, कुणी जत्रेत घेतली, कुणाला चहाच्या पुड्याबरोबर फुकट मिळाली. एके काळी बऱ्यापैकी घरातल्या भिंतीतल्या कपाटात अशी एक तरी वस्तू असायचीच. द्राक्षाच्या घडाचे सरबताचे ग्लास, सूर्यफुलाच्या बशा, चांदण्यांच्या वाट्या. मग मेलामाइन आलं, प्लॅस्टिक आलं आणि ही काच माळ्यावर गेली. तिथून उकिरड्यावर.

मी परंड्यात एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. पंचवीस वर्षं चंचुपात्रं आणि परीक्षानळ्या धुते आहे. त्या काचेवर आकड्यांच्या रेघांपलीकडं काही नसतं. नक्षीची काच का गोळा करता, असं कुणी विचारलं की मी हेच सांगते, रोज साधी काच बघून कंटाळा येतो म्हणून. खरं कारण बहुतेक वेगळं आहे. माझं माहेर भूमकडचं, मेंढरं राखणारं. वर्षातले कितीतरी महिने आमचं घर घोड्याच्या पाठीवर असायचं. जर्मनची पातेली, पितळी तांब्या, लाकडी काठवट एवढाच संसार. काच नव्हती. काच ठेवायला भिंत लागते, आणि दहा वर्षांची होईपर्यंत मी पावसाळा सोडला तर भिंतीच्या आत फारशी झोपलेच नाही. रस्त्यात कुणाच्या ओसरीवर पाणी मागायला गेलं की आतल्या कपाटातली रंगीत काच दिसायची. एवढंच. त्याचा मला तेव्हा काही त्रास नव्हता. त्रास आता आहे, गोळा करायला लागल्यापासून.

कारण या छंदात हातात पूर्ण असं काही येतच नाही. द्राक्षाच्या घडाचे ग्लास माझ्याकडं पाच आहेत, सहावा कुठंच मिळत नाही. सरबताचा जग आहे तर त्याचा कान गेलेला. कुणाच्या घरी वस्तू बघून विचारावं तर माणसं एकदम सावध होतात. कालपर्यंत ज्या वाटीत कोंबड्यांना पाणी ठेवलं होतं ती उचलून पदरानं पुसतात आणि आत नेऊन ठेवतात. नाहीतर म्हणतात, "अहो, परवाच टाकलं बघा, आधी सांगायचं न्हाय का?" हे "परवाच" मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते ऐकताना चेहरा कसा ठेवावा हेही मला जमत नाही. नातेवाइकांना कळलं की मला काच आवडते, तेव्हापासून प्रत्येक कार्यात ते मला नवीकोरी काचेची भांडी देतात. खोक्यातली, साधी, पारदर्शक. मी आभार मानते. पलंगाखाली ती खोकी एकावर एक रचलेली आहेत.

आमच्या ह्यांचं म्हणणं, मी काच जमवत नाही, डोक्याचा ताप जमवते. हे एसटीत मेकॅनिक आहेत. त्यांच्या मते एखादी वस्तू चालते किंवा चालत नाही, मधलं काही नसतं. सीताफळी भांडं बघून त्यांनी विचारलं, "यात काय ठेवणार?"

"काही न्हाय. झाकण मिळेपर्यंत काहीच न्हाय."

"आणि मिळाल्यावर?"

मी भांडं पुसून कपाटात ठेवलं.

झाकणासाठी मी दोन वर्षं फिरले. बार्शीला गेले की जुन्या बाजारात, तुळजापूरला गेले की भांड्यांच्या गल्लीत. सीताफळी बशी मिळाली, सीताफळी मीठदाणी मिळाली. झाकण नाही.

ते दिसलं मुरुमला, तेही शोधत नसताना.

मुरुमला आमच्या ह्यांची थोरली आत्या असते. ऐंशी कधीच ओलांडलेली, ताठ चालणारी. शेतीवाडीचं मोठं घर, पण स्वयंपाकघर अजून तिच्याच ताब्यात. कर्नाटकाची हद्द जवळ असल्यानं घरात सगळे तिला अव्वा म्हणतात, म्हणून मीही अव्वाच म्हणते. तिच्या नातवाच्या लग्नाला आम्ही गेलो होतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा आणायला मी स्वयंपाकघरात गेले, आणि ओट्याच्या कोपऱ्यात स्टीलच्या एका पातेलीवर मधाच्या रंगाचं झाकण होतं. वर बोंडासारखी मूठ, सगळ्या अंगावर सीताफळाचे डोळे.

मी ते उचललं. खाली दही होतं.

"ठेव ते," अव्वा म्हणाली. ती चुलीपाशी पाटावर बसली होती.

"अव्वा, हे झाकण कुठलं?"

"दह्याचं."

"तसं न्हाय. याच्याखालचं भांडं कुठाय?"

"गेलं की. माझ्या भावानं गुलबर्ग्याहून आणलं हुतं. भूकंपात फडताळ आडवं झालं, काचंचं एक राहिलं न्हाय घरात. हे तेवढं दह्यावर हुतं, म्हणून राहिलं."

मी झाकण परत ठेवलं. तेव्हा गप्प बसायला हवं होतं, एवढं मला कळत होतं. पण जोड समोर दिसत असताना मला गप्प बसता येत नाही. चहा झाल्यावर मी विचारलंच. "अव्वा, माझ्याकडं याचं खालचं भांडं हाय. अगदी हेच. मला हे झाकण द्याल का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, मी काहीतरी न कळणारं बोलल्यासारखं. "मग दही कशानं झाकू?"

"दुसरं झाकण देते मी."

"आण की," ती म्हणाली.

तो मला होकार वाटला. तिथंच माझी चूक झाली.

परंड्याला आल्यावर मी मूठ असलेलं चांगलं जाड स्टीलचं झाकण घेतलं आणि सोलापूरवरून मुरुमला निघालेल्या एका नातलगाबरोबर पाठवलं. चार दिवसांनी मी अव्वाच्या सुनेला फोन केला. सून माझ्याच वयाची, शांत बाई. ती म्हणाली, "अव्वा म्हणत्यात, स्टीलला घाम येतो. दह्यात पाणी पडतं."

मग मी नवं काचेचं झाकण पाठवलं, गॅसवरच्या कढईचं असतं तसलं. त्याला वाफ जायला भोक होतं. निरोप आला, भोकातून मुंग्या जातात. मग कुंभाराकडून मातीचं झाकण करून घेतलं, चांगलं भाजलेलं. ते तिला आवडलं. इतकं आवडलं की तिनं ते लोणच्याच्या बरणीवर ठेवलं. स्टीलचं तुपावर गेलं, भोकाचं पिठाच्या डब्यावर. माझी तिन्ही झाकणं तिच्या घरात कामाला लागली आणि दह्यावर होतं तेच राहिलं.

"अगं, ती देणार न्हाय," हे म्हणाले.

"तसं तिनं म्हटलेलं न्हाय."

"म्हणायचं कशाला? तुला कळत न्हाय का?"

कळत होतं. पण तिनं एकदा सरळ नाही म्हटलं असतं तर मी थांबले असते, असं मला आजही वाटतं. ती नाही म्हणत नव्हती. दर वेळी एखादी अडचण सांगायची, आणि अडचण आली की मी ती सोडवायला धावायचे. शाळेत प्रयोगाचं साहित्य मोडलं की दुरुस्त करायचं, हीच सवय.

त्यात मला दुसरीच शंका आली. ते झाकण माझ्या भांड्याला बसेल याची खात्री काय? हे साचे एकाच मापाचे नसतात. एकच नक्षी, पण कारखान्यानं लहान-मोठी दोन-तीन मापं काढलेली असतात. मी माझं भांडं शाळेत नेलं आणि मधल्या सुट्टीत व्हर्निअर कॅलिपरनं त्याच्या तोंडाचं माप घेतलं, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत. कागदावर लिहिलं. मग मुरुमला फोन करून सुनेला झाकणाचं माप घ्यायला सांगितलं.

"किती हाय?"

"चार बोटं आणि थोडं," ती म्हणाली.

मी तिला दोरा गुंडाळून मोजायला सांगितलं. तिनं दोऱ्याचा फोटो पाठवला, शेजारी टेलरची टेप. टेप वळलेली होती, आकडे उलटे पडले होते. दुसऱ्या फोटोत दोरा वेगळ्याच लांबीचा होता. मी विचारलं, दोन्हीतला खरा कुठला? तिनं लिहिलं, दोन्ही. मी फोन बाजूला ठेवला आणि तो दिवसभर हातात घेतला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी ठरवलं, भांडंच घेऊन जायचं. तिच्यासमोर झाकण त्यावर ठेवायचं. दोन्ही एकत्र दिसली की तिलाही वाटेल, हे जोडीनंच असायला हवं. मी काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. अव्वा, हे भांडं इतक्या वर्षांनी त्याच्या झाकणाला भेटलं, असं काहीतरी. ते कितपत खोटं वाटेल याचा मी विचार केला नाही.

परंड्याहून मुरुम म्हणजे पूर्ण दिवस जातो. बार्शीला उतरा, तिथून सोलापूर, सोलापूरहून उमरग्याकडची गाडी, हायवेवर फाट्यावर उतरून पुन्हा आत. भांडं मी ह्यांच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलं, स्वेटर स्टीलच्या मोठ्या डब्यात घातला आणि डबा दिवसभर मांडीवर धरला. बार्शीच्या पुढं शेजारी एक बाई बसली. बराच वेळ डब्याकडं बघून तिनं विचारलं, "देव हाय का त्यात?"

"न्हाय. भांडं हाय. काचंचं."

"मग मांडीवर कशाला?" म्हणाली, आणि खिडकीकडं तोंड करून झोपली.

मुरुमला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. अव्वानं पाणी दिलं, प्रवासाचं विचारलं, चहा झाला. मग मी डबा उघडला, स्वेटर सोडला आणि भांडं तिच्यासमोर ठेवलं. तिनं ते हातात घेतलं नाही. नुसतं वाकून बघितलं.

"ह्येच," ती म्हणाली. "असंच हुतं."

सुनेनं झाकण धुऊन पुसून आणलं. मी ते भांड्यावर ठेवलं. ते डुगडुगलं.

एका बाजूनं बसत होतं, दुसऱ्या बाजूनं केसभर उचललेलं राहत होतं. मी दाबलं. "दाबू नको, फुटंल," अव्वा म्हणाली आणि झाकण माझ्या हातातून घेतलं. ठेवलं, थोडं फिरवलं, पुन्हा ठेवलं. पुन्हा फिरवलं. तिची नखं जाड आणि पिवळी झालेली, बोटं वाकडी, पण ती फिरवताना काचेवर काच घासल्याचा आवाज येत नव्हता. माझ्या लक्षात आलं, ती झाकणावरची साच्याची रेघ भांड्यावरच्या रेघेजवळ आणते आहे. त्या रेघेबद्दल तिला कुणी सांगितलं नव्हतं. दोन्ही रेघा एका ओळीत आल्या आणि झाकण खाली बसलं. तिनं मुठीला धरून हलवून बघितलं. हललं नाही.

आम्ही तिघी बघत राहिलो. दोन वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते माझ्यासमोर होतं, आणि खरं सांगायचं तर ते मला वाटलं होतं त्यापेक्षाही देखणं होतं. आता बोलावं म्हणून मी तोंड उघडलं.

"दूध कोमट कर," अव्वा सुनेला म्हणाली.

सून उठली. मला वाटलं, कुणासाठी प्यायला असेल. दूध आलं, अव्वानं बोट बुडवून बघितलं, आणि ते माझ्या भांड्यात ओतलं. विरजण लावलं. झाकण ठेवलं, रेघ जुळवली, आणि भांडं उचलून ओट्याच्या त्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं.

मी काहीच बोलले नाही. का नाही, हे मी स्वतःला खूपदा विचारलंय. मोठ्या माणसासमोर बोलू नये असं नव्हतं, मी तिच्याशी नातवाच्या लग्नापासून झाकणावरून बोलतच होते. एवढंच की मी त्यात काय ठेवणार याचं उत्तर मला कधीच सुचलं नव्हतं, आणि तिला ते क्षणात सुचलं.

सकाळी दही लागलं होतं. घट्ट, वर एकही सुरकुती नाही. माझी गाडी नऊची होती. ती चुकली तर सोलापूरला पुढची गाडी मिळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी मला शाळेत दिवाळीनंतरची साफसफाई काढायची होती. आठ वाजता मी म्हणाले, "अव्वा, दही दुसऱ्या पातेलीत काढून घेता का? मला निघायचंय."

"आत्ता? लागलेलं दही असं हलवत्यात व्हय? पाणी सुटंल. दुपारी मोडू."

"दुपारी मी न्हाय इथं. गाडी हाय."

"मग?"

तो "मग" अजून माझ्या कानात आहे. त्यात काही डाव नव्हता. डाव असता तर मी भांडले असते. तिच्या लेखी भांड्यात दही होतं आणि दही दुपारपर्यंत हलवायचं नव्हतं. सून दाराशी उभी होती, जमिनीकडं बघत. मी घड्याळ बघितलं. मग मी म्हणाले, "राहू द्या मग." मी ते रागानं म्हटलं. तिला राग ऐकू यावा असंच म्हटलं.

"राहू दे," अव्वा म्हणाली, समाधानानं.

निघताना तिनं माझा डबा मागून घेतला आणि त्यात शेंगांच्या पोळ्या भरून दिल्या. स्वेटर घडी करून वर ठेवला. सोलापूरपर्यंत मी तो डबा मांडीवर नाही, पायाशी ठेवला होता.

घरी ह्यांनी डबा उघडला. "भांडं?"

"मुरुमला."

"मग झाकण?"

"ते पण मुरुमला."

ह्यांनी एक पोळी उचलली, खाल्ली, दुसरी घेतली. "चांगल्या झाल्यात," म्हणाले. मी आत जाऊन पडले.

त्यानंतर मी किती वेळा फोन केला असेल. दर वेळी अव्वा आनंदानं बोलते. भांडं घेऊन जा म्हणते, तुझंच हाय म्हणते. मुरुमहून सोलापूरला त्यांच्या घरचं कुणी निघालं की मी आधी कळवते, भांडं रिकामं करून द्या. नेमकं त्या दिवशी त्यात दही असतं. ते रोजच असतं. एकदा मी सुनेला स्पष्टच म्हणाले की एक दिवस दुसऱ्या पातेलीत लावा. ती म्हणाली, "लावलं होतं. अव्वांनी खाल्लं न्हाय."

शाळेतल्या एका बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, किती छान, जोडी जमली शेवटी. सगळे हेच म्हणतात. मला छान वाटत नाही. माझ्या कपाटात पाच ग्लास आहेत, कान गेलेला जग आहे, सीताफळी बशी आणि मीठदाणी आहे, आणि जी एकच गोष्ट पूर्ण झाली ती दिवसभराच्या अंतरावर दुसऱ्याच्या ओट्यावर आहे. मी उदार झाले नाही, मला गाडी गाठायची होती. भूकंपात तिचं सगळं गेलं हे मला ठाऊक आहे, आणि ते आठवलं की मला माझ्या चिडण्याची लाज वाटते. पण चीड जात नाही.

गेल्या आठवड्यात सुनेनं न मागता फोटो पाठवला. ओट्यावर ते भांडं, झाकण बसलेलं, शेजारी पळी. खिडकीतून ऊन आलंय आणि भिंतीवर मधाच्या रंगाचा डाग पडलाय. मी फोटो मोठा करून सगळीकडून तपासला. काठाला कुठं टवका गेलेला दिसला नाही. फक्त रेघ किंचित सरकलेली वाटली, म्हणजे झाकण कुणी घाईत ठेवलं असणार.

मी लिहिलं, "उचलताना खालून धरत जा. मुठीला धरून उचलू नका. गरम पाण्यानं धुऊ नका, तडकेल. रेघेला रेघ जुळवून ठेवा."

तासाभरानं तिचा अंगठा आला.